जिन्याच्या स्विचची बॅटरी

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चटका कळत नाही. चिमटा सापडला नाही की बायको अजूनही हाक मारते, "अहो, या जरा तुमची बोटं घेऊन!" मग मी जाऊन गॅसवरचा पापड उलटतो किंवा तापलेलं झाकण उचलतो. नातवंडांना ती जादू वाटते. जादू कसली डोंबलाची! सोलापुरात नव्या पेठेच्या एका बोळात बसून वर्षानुवर्षं तापलेल्या बॅटऱ्या हाताळल्या, त्याची ही कमाई.

आधी एक घोटाळा मिटवतो. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. टॉर्च म्हणणारा माणूस पुण्या-मुंबईचा. आणि मोटारसायकलला वीज पुरवते तीही बॅटरीच. माझा संबंध दोन्हींशी. वाचणाऱ्याचं डोकं फिरायला नको म्हणून इथं हातात धरायच्या उजेडाला बॅटरी म्हणतो आणि मोटारसायकलच्या त्या दुसरीला ॲसिडची पेटी म्हणतो. संपादक म्हणाले, साहेब, सोपं लिहा, दिवाळीत फराळ करता करता लोक वाचतात. तर घ्या, चकली घ्या आणि वाचा.

साधी दोन सेलची बॅटरी त्या सत्तरच्या दशकात घरोघरी होती. तिचा उजेड म्हणजे दारातलं कुत्रं आपलं की शेजाऱ्याचं, एवढं कळण्यापुरता. त्यात ज्यांचं भागत नसे ते माझ्याकडे यायचे. मी त्यांना मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब घालून बॅटरी करून द्यायचो. बल्ब पितळी डब्यात, डब्याला मूठ, मुठीतून वायर, आणि वायरीच्या टोकाला खांद्यावरच्या कॅनव्हासच्या पिशवीत ॲसिडची पेटी. दिसायला ओबडधोबड. पण लावली की समोरचा माणूस डोळ्यांवर हात घेऊन "अरे ए!" असं ओरडायचाच. मला तो ओरडा फार आवडायचा.

गाळा म्हणजे दोन कापडदुकानांमधली फट होती. त्या फटीतही मी एकटा नव्हतो. पुढच्या निम्म्यात हमीदचाचा स्टो दुरुस्त करायचे, मागच्या निम्म्यात मी. चाचा माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं दखनी, माझं मराठी, गिऱ्हाईक कधी तेलुगू तर कधी कानडी. कुणाचं काही अडलं नाही. पितळेला झाळ लावायला मला चाचांनी शिकवलं. झाळ म्हणजे कथील वितळवून केलेला जोड. तो जोड लागतो धगीनं आणि सुटतोही धगीनं, आणि माझ्या धंद्याचं सगळं दुखणं इथंच होतं.

कसं ते सांगतो. उजेड वाढवणं सोपं असतं. मोठा बल्ब लावला की वाढला. पण बल्ब म्हणजे काय हो? तापून पांढरी झालेली तार. तिला दिलेल्या विजेतला जरासा भाग उजेड होऊन पुढं जातो, बाकी सगळी धग होऊन तिथंच राहते. मोटारसायकलवर त्याचं काही वाटत नाही. गाडी पळते, वारा लागतो, दिवाही चांगला मोठा असतो. तोच बल्ब मूठभर डब्यात कोंडला की डबा तापतो, मग आतला आरसा तापतो, त्याचा मुलामा काळवंडतो, आणि शेवटी बल्बच्या बुडाची झाळ वितळून तार सुटते. मग अंधार. तोही नेहमीपेक्षा काळा, कारण डोळे दिपलेले असतात.

नातेपुत्याचे एक बागाईतदार होते, जुने पैलवान. उसाच्या फडात रानडुकरं शिरायची म्हणून त्यांना बॅटरी हवी होती. "अशी करा, की डुकराला त्येचा बाप आठवला पायजे," ही त्यांची ऑर्डर. दिली करून. काही दिवसांनी पैलवान हजर, उजव्या पंजाला हळदीचं फडकं गुंडाळलेलं. मी मनात म्हटलं, मेलो आता. पण ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "लई भारी काम! पार पल्याडच्या हिरीचा कठडा दिसतुय की!"

"आणि हात?"

"त्ये व्हय? तापली जरा."

"मग खाली ठेवायची ना!"

"गडी समदे बगत हुते वो. खाली कशी ठिवू?"

चाचा इतके हसले, की त्यांच्या हातातली स्टोची पिन खाली पडली आणि ती शोधण्यात त्यांची संध्याकाळ गेली. मी मात्र त्या फडक्याकडे बघत राहिलो. पैलवानाचा पंजा भाजला म्हणजे साध्या माणसाचं काय होईल?

मग लागलो मागं. चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण तो पसरतो. मोटारसायकलच्या इंजिनाच्या अंगावर पट्ट्या पट्ट्या असतात त्याही त्यासाठीच, धग पसरावी आणि वाऱ्याला द्यावी. मी लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमवर तसे कंगोरे पाडून घेतले आणि डब्याच्या पाठीला बसवले. डब्याला खालून वारा घ्यायला आणि वरून धग सोडायला भोकं पाडली. डबा आणि मूठ यांच्यामध्ये इस्त्रीत असतो तसला अभ्रकाचा पत्रा घातला. मुठीवर चादरीचं जाड सूत घट्ट गुंडाळलं. सूत काय, सोलापुरात मागाल तिथं मिळतं. एवढं केल्यावर मूठ हातात धरवायला लागली. पण डबा तापायचा तो तापायचाच. माझी बॅटरी एका दमात दोन-तीन भाकऱ्या भाजून होईपर्यंत तग धरायची, मग तितकाच वेळ तिला विसावा द्यावा लागायचा. लावा, बघा, बंद करा. हा मंत्र मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायचो. डुकरं हाकणाऱ्याला तेवढं पुरतं. पुरत नाही अशी वेळ माणसावर येते, हे मला कुसुमताईंनी सांगितलं.

कुसुमताई नर्सबाई होत्या. मोडनिंबच्या आत ज्या वाड्यावस्त्या आहेत तिथली बाळंतपणं त्या करायच्या. पांढरी साडी, काळी छत्री, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप उभं राहावं. त्यांनी एक दोन सेलची बॅटरी माझ्यासमोर ठेवली. तिच्या शेपटाकडच्या पत्र्यावर दातांच्या खुणा होत्या.

मी विचारलं, "ही कुणी चावलीय?"

"मी," बाई म्हणाल्या. "टाके घालताना दोन्ही हात गुंतलेले असतात. मग दातात धरायची, दुसरं काय?"

तिकडची घरं धाब्याची, वर छपरालाही मातीच. जाड मातीच्या भिंती, खिडकी नावालासुद्धा नाही. त्यात बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार लावून घेतात आणि कोपऱ्यात शेगडी पेटवतात. "भर दुपारी अमावस्या असते हो आत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. एका वस्तीवर बायजाआक्का म्हणून आहेत, त्यांची थोरली सून मागच्या वर्षी बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. बाळंत झाल्यावर रक्त थांबेना, आणि नेमकं कुठून येतंय ते दिसेना. कंदील होता, तोही मध्येच गेला.

"नुसतं हाताला लागत होतं," बाई म्हणाल्या. "दिसलं असतं तर टाका घातला असता. आता त्याच घरातली धाकटी सून पोटुशी आहे. माघात होईल. मला उजेड पाहिजे."

बाईमाणसानं असलं सगळं तोंडावर सांगितल्यावर मला कुठं बघावं कळेना. चाचा तर स्टोमध्ये डोकं घालून बसले होते. पण काम घेतलं. झोत लांब न जाता पसरावा म्हणून काच घासून धुरकट केली. बाईंचे हात मोकळे राहावेत, घरातल्या कुणीतरी धरावी म्हणून मूठ बारीक केली. आणि मंत्र दिला, दोन भाकऱ्यांपुरती लावा, दोन भाकऱ्यांपुरती बंद. बाईंनी तो नीट म्हणून दाखवला.

माघ यायला अवकाश होता. तोवर दुसऱ्या एका वाडीत बाळंतपण निघालं, तिथं बॅटरी पहिल्यांदा वापरली. पुढच्या बाजाराला कुसुमताई आल्या आणि पिशवीतून काळा पडलेला डबा काढून माझ्यापुढं आदळला. आतली झाळ वितळून बल्ब निखळला होता. ऐन वेळी अंधार झाला होता. देवाच्या दयेनं आई-बाळ दोघंही सुखरूप होते.

माझं डोकंच फिरलं. "बंद करा म्हणून सांगितलं होतं की नाही? कितीदा सांगितलं होतं?"

"मी सांगितलं. धरणारीनं केली नाही."

"का?"

"तुम्ही या आणि सांगा त्या म्हातारीला, की बाळंतिणीच्या खोलीतला दिवा विझव. मी नाही सांगणार."

"अहो, तो दिवा नव्हे! बटण आहे ते बटण! त्यात कसला आलाय शकुन-अपशकुन?"

चाचांनी स्टो बाजूला ठेवला. "वसंता," ते मला म्हणाले, "घर में जचगी हो री, और तू बोलता बत्ती बुझाओ? कौन बुढ्ढी बुझाएगी रे? मेरी माँ भी नक्को बोलती."

तर ही अशी गंमत. कंगोरे पाडले, अभ्रक घातला, भोकं पाडली, आणि बाळंतीण जिथं आहे तिथला दिवा मालवायचा नसतो एवढी घरच्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. तरी मी हट्टी. म्हटलं, ही काही तेलवात नाही, ही वीज आहे, समजावून सांगितलं की पटेल. बाईंना म्हणालो, माघात बॅटरी धरणार त्या बायजाआक्का, त्यांच्याशी मीच बोलतो. एसटीनं मोडनिंबला उतरलो आणि विचारत विचारत वस्तीवर गेलो.

आक्का ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. उंच, हडकुळी बाई, कपाळावर मोठं गोंदण. पाहुणा आला म्हणून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. मी सोबत नेलेली बॅटरी लावून दाखवली, बंद करून दाखवली, पुन्हा लावून दाखवली. बल्ब कसा तापतो, झाळ कशी वितळते, सगळं सांगितलं. शाळामास्तरांनीही एवढं सांगितलं नसतं. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "थोरलीच्या टायमाला कंदील माज्या हातात हुता. त्याल सरलं त्येचं. नर्सबाई म्हनल्या, आक्का, त्याल आना. मी उटले, पडवीत गेले, बाटली घिऊन म्हागारी आले. तवर पोर गार पडाया लागली हुती." त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. "आता माज्या हातानं दिवा मालवायचा न्हाय बगा. तुमची बॅटरी जळू द्या. माजा हात जळू द्या. पर मालवायचा न्हाय."

माझी सगळी वीज आणि सगळी झाळ तिथंच संपली.

धाकटी सून चहा घेऊन बाहेर आली. शालन तिचं नाव. जेमतेम विशीची असेल. सातवा की आठवा महिना, चालताना एका हातानं भिंत धरत होती. कप माझ्यासमोर ठेवला आणि सासू जरा आत गेलीय असं बघून हळूच म्हणाली, "दादा, व्हईल का वो कायतरी?"

"होईल," मी म्हणालो. कसं होईल ते मला काडीचंही माहीत नव्हतं. एसटीत बसल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या, की गाढवा, कशाच्या जिवावर हो म्हणालास?

नुसत्या बॅटऱ्यांवर पोट भरत नसे, त्यामुळे मी वायरिंगचीही कामं करायचो. शेजारच्या कापडदुकानाला वरचा मजला होता आणि त्याच्या जिन्यातला दिवा बिघडला होता. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक असे दोन स्विच असतात. खालून लावायचा, वर गेल्यावर वरून बंद करायचा. त्या स्विचला इतर बटणांसारखं चालू-बंद नसतं. तो वीज या वायरीतून नाहीतर त्या वायरीतून धाडतो, बस्स. मधल्या जागी तो थांबतच नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून तो स्विच खटखट करत होतो, इकडे आणि तिकडे. दुकानाचे शेठ खालून ओरडले, "अहो, खेळताय काय?" मी तसाच उठलो आणि गाळ्यात आलो. शेठचा दिवा त्या दिवशी तसाच राहिला.

एका मुठीवर दोन डबे बसवले. दोघांना आपापला बल्ब, आपापले कंगोरे, आणि मध्ये जिन्याचा स्विच. उजवा तापला की खट करायचं, डावा लागतो, उजवा निवतो. डावा तापला की खट, पुन्हा उजवा. बंद करायची सोयच ठेवली नाही. विझवायचीच म्हटली तर पेटीची वायर उपटावी लागेल.

एक शंका होती. बाजू बदलताना अंधाराची पापणी लवणार, आणि तेवढंही आक्कांना चालायचं नाही. लावून बघितलं तर काय? पापणी लवलीच नाही! तापलेली तार वीज तुटल्याबरोबर गार होत नाही. तिचा उजेड मावळेपर्यंत दुसरी उजळलेली असते. ज्या धगीच्या नावानं मी इतके दिवस खडे फोडत होतो, तीच तिथं कामाला आली. मी चाचांना मिठीच मारली. चाचा म्हणाले, "हट, रॉकेल लगेगा कपड्यांकू."

मग पारख. गाळ्यात सगळा दिवस वारा खेळायचा, तिथं चाललेली बॅटरी शेगडीच्या खोलीत चालेलच असं नाही. चाचा म्हणाले, आपणच बाळंतिणीची खोली करू. भर दुपारी शटर अर्धं ओढलं, चादरींनी उरलेली फट झाकली आणि चाचांनी दुरुस्तीला आलेले सगळे स्टो एकदम पेटवले. काय सांगू! घामाच्या धारा लागल्या. मी बॅटरी धरून खट खट करतोय, चाचा बनियनवर बसून पंख्याऐवजी टोपीनं वारा घेतायत. बाहेर कापडदुकानाचे शेठ शटर बडवू लागले. "धूर कसला येतोय? आत काय चाललंय?" चाचा आतून ओरडले, "जचगी चल री! मर्दां बाहर ठैरो!" बोळात जी हसाहस झाली, ती कितीतरी दिवस टिकली. पुढं वर्षभर लोक मला विचारायचे, काय वसंतराव, मुलगा की मुलगी?

पण बॅटरी टिकली. आम्ही दोघं उकडून निघालो तरी ती टिकली.

चाचा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नातवानं मध्ये एक बॅटरी आणून दिली, बोटाएवढी. उजेड माझ्या जोडबॅटरीच्या वर. तो म्हणाला, आजोबा, ही तापत नाही. मी ती चालू ठेवून हातात धरली, आणि तापली की हो! थोडीशीच, पण तापली. मागं बारीक कंगोरेही होते. मी नातवाला ते दाखवायला लागलो तर तो मोबाइलमध्ये. अशा वेळी चाचा पाहिजे होते. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी ती उलटीपालटी केली असती आणि काहीतरी वाकडं बोलले असते. त्यांची फार आठवण येते.

तर त्या वर्षी माघात एका सकाळी मोडनिंबच्या गाडीच्या कंडक्टरनं निरोप आणला. त्या काळी कंडक्टर हेच आमचं टपाल. "नर्सबाई म्हनल्या, शालनचं पोट दुकाया लागलंय. बॅटरी घिऊन या." पेटीत आदल्याच दिवशी वीज भरून ठेवली होती. त्याच गाडीनं निघालो.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शालनचा नवरा भिमा ओट्यावर बसून नुसता दोरी वळत होता. वळायचा, उलगडायचा, पुन्हा वळायचा. मी आक्कांच्या खांद्याला पेटी अडकवली आणि बॅटरी हातात दिली. "आक्का, ही विझत नाही. चटका जाणवायला लागला की हे असं दाबायचं. उजेड तसाच राहतो." त्यांनी एकदा दाबून बघितलं. पुन्हा दाबून बघितलं. उजेड तसाच राहिलेला बघून त्यांनी पेटीचा पट्टा खांद्यावर नीट केला. मग त्या आत गेल्या आणि दार लागलं.

आम्ही दोघं पुरुष बाहेर. ओट्यावर सावली होती, त्यामुळे दाराच्या खालून उजेडाची एक पट्टी दिसत होती. मधूनमधून आतून स्विचचा आवाज यायचा, खट, आणि ती पट्टी जराशी सरकायची. शालनचं कण्हणं, कुसुमताईंचा आवाज, "आक्का, इकडं धरा. आणखी खाली. हां, अशी." पुन्हा खट. मी झाळीचा एकेक जोड मनातल्या मनात तपासत होतो. हा नीट लावला ना? तो डावीकडचा? भिमा मला म्हणाला, "दादा, त्यी जळनार न्हाय न्हवं?" मी म्हणालो, नाही.

मूल रडलं. भिमा ताडकन उठला, दोरी खाली पडली. मूल रडतंय आणि बायकांचा आवाज नाही. मग कुसुमताई हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, रक्त जातंय."

भिमा दाराकडे निघाला. मी त्याचं मनगट धरलं. कशाला धरलं मलाही ठाऊक नाही.

आतून खट आवाज आला. पट्टी सरकली. उजेड होता.

"आक्का, हलू नका. जवळ आणा. आणखी जवळ." आणि मग बाईंचा आवाज आला, अगदी वेगळा, "दिसतंय. दिसतंय मला. धरून ठेवा आक्का, दिसतंय."

ते शब्द ऐकून मला रडू आलं. भिमापुढं लाजलो नाही. पुन्हा खट, पुन्हा खट, पुन्हा खट. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ओट्यावरची सावली सरकून आमच्या पायांवरून पलीकडे गेली होती. शेवटी दार किलकिलं झालं आणि बाईंनी तोंड बाहेर काढलं. कपाळावरचे केस घामानं चिकटलेले. "थांबलं रक्त. दोघीही ठीक आहेत. मुलगी आहे." भिमानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाईंच्या मागून बायजाआक्का आल्या. खांद्यावर पेटी तशीच, हातात बॅटरी तशीच, चालू. उन्हात तिचा उजेड कळतही नव्हता. त्या ओट्याच्या कडेला, भिमापासून जरा लांब बसल्या.

मी म्हणालो, "आक्का, झालं आता. द्या, वायर काढतो."

त्यांनी हात मागं घेतला. "असू द्या की जरा."

आता ॲसिडच्या पेटीची एक गोष्ट आहे. ती पार रिती होऊ दिली तर बसते, मग कितीही भरा, धरत नाही. पेटी संपवून आणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी काय काय बोललेलो आहे ते इथं छापण्यासारखं नाही. मला वायर उपटता आली असती, माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी शेजारी बसून राहिलो. आक्का तापलं की खट करत होत्या. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज आला की त्या बॅटरी थोडी वर उचलायच्या. भिमा आत जाऊन लेक बघून आला, त्यानं आईला हाक मारली, त्या उठल्या नाहीत.

ऊन उतरायला लागलं तेव्हा काचेत उजेड दिसू लागला, पिवळा. मग तांबूस. मग नुसती तार लालसर दिसत राहिली. आक्का ती तोंडाजवळ धरून निरखून बघत होत्या. आणि ती गेली.

"गेली," त्या म्हणाल्या. "आपल्या आपन गेली. म्या न्हाय मालवली."

"तुम्ही नाही मालवली, आक्का."

त्यांनी बॅटरी माझ्या मांडीवर ठेवली. दोन्ही डबे अजून कोमट होते. मग पदरानं हात पुसत त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या रुक्मिनीच्या टायमाला कुटं हुता वो तुमी?"

रुक्मिण म्हणजे थोरली सून. रागानं नाही विचारलं त्यांनी. जेवणं झाल्यावर पोचलेल्या पाहुण्याला विचारावं, तसं विचारलं.

"नव्या पेठेत होतो, आक्का," मी म्हणालो.